क्राउडफंडिंग आणि ट्रेडमार्क: वस्तू तयार नसताना नाव 'वापरलं' असं म्हणता येतं का?

ट्रेडमार्क म्हणजे सरकारकडे नाव रजिस्टर करणं, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो अर्धा बरोबर आहे. नावावरचा हक्क दोन वाटांनी येतो, एक नोंदणीची आणि दुसरी वापराची. या दोन वाटा एकमेकींना छेदतात तेव्हा भारतात बऱ्याचदा वापराची वाट वरचढ ठरते. नेहमीच्या धंद्यात हे कळायला सोपं आहे. दुकान उघडलं, पाटी लावली, पहिलं बिल फाडलं की वापर सुरू झाला. क्राउडफंडिंगमध्ये मात्र क्रम उलटा असतो. आधी नाव आणि व्हिडिओ, मग लोकांचे पैसे, मग साचा, आणि सगळ्यात शेवटी माल. नाव जगभर फिरत असतं तेव्हा वस्तू टेबलावर तारा लोंबकळत पडलेली असते. मधल्या वर्ष-दीड वर्षात ते नाव कुणाचं, हा या लेखाचा विषय.

माझ्याकडे हा प्रश्न गावाहून आला. माझं गाव रेडी, वेंगुर्ला तालुक्याच्या दक्षिण टोकाला. तेरेखोल ओलांडली की गोवा. बाहेरच्यांना रेडी माहीत असते ती लोहखनिजाच्या खाणींमुळे, बंदरामुळे आणि खाणीच्या परिसरात १९७६ साली सापडलेल्या द्विभुज गणपतीमुळे. पण हंगामात आजूबाजूच्या वाड्यांत फिरलात तर खळ्याखळ्यात काजूबी वाळत घातलेली दिसेल. शाळेपासूनच्या माझ्या एका मित्राने या वाळवणासाठी एक छोटं यंत्र बनवलंय. ते बियांच्या ढिगात खुपसून ठेवायचं, ओलावा पुरेसा उतरला की फोनवर निरोप येतो. त्याचं नाव त्याने 'खळा' ठेवलं. साच्यासाठी लागणारी रक्कम क्राउडफंडिंगने उभी करायची, असं ठरलं. फोनवर मला म्हणाला, "नाव गावला, व्हिडिओ झालो, आता पेज सोडूया." मी विचारलं, "अरे, पण माल?" "माल खंय आसा? आता नुसता नावच आसा."

त्याचं हे शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

प्रकाशनपूर्व सवलत आणि क्राउडफंडिंग

वस्तू बनायच्या आधी गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं मराठी माणसाला नवीन नाही. प्रकाशक ग्रंथाची 'प्रकाशनपूर्व सवलत' जाहीर करतात, वाचक पैसे भरतात, पुस्तक काही महिन्यांनी घरी येतं. बक्षीस-पद्धतीचं क्राउडफंडिंग जवळपास असंच चालतं. फरक एवढाच की प्रकाशकाचं नाव आधीपासून बाजारात असतं. क्राउडफंडिंगवाल्याकडे बहुतेक वेळा त्या नावाखाली विकलेली एकही वस्तू नसते.

कंपनीचे शेअर देऊन लोकांकडून पैसे गोळा करणं हा वेगळा प्रकार झाला. सेबीने २०१४ साली त्यावर चर्चापत्र काढलं होतं, पण ती वाट आपल्याकडे खुली झालेली नाही. इथे मी फक्त 'पैसे द्या, वस्तू मिळेल' या प्रकाराबद्दल बोलतोय.

किकस्टार्टरने २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं की आम्ही दुकान नाही. पैसे देणारा तिथे गिऱ्हाईक नसतो, पाठीराखा असतो. ही भूमिका प्लॅटफॉर्मला सोयीची आहे. ट्रेडमार्कच्या बाजूने पाहिलं तर ती आपल्या अंगावर येऊ शकते. प्लॅटफॉर्मच म्हणतोय की इथे विक्री होत नाही, मग मी या नावाखाली माल विकला, असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

'वापर' म्हणजे काय: आपलं उत्तर आणि अमेरिकेचं उत्तर

आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे आणि तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात वापराची व्याख्या बरीच ऐसपैस ठेवली आहे. नाव वस्तूवर छापलं असेल तर तो वापर, आणि वस्तूशी 'इतर कोणत्याही नात्याने' जोडलेलं असेल तरी तो वापर ठरू शकतो. म्हणजे जाहिरात, माहितीपत्रक, दरपत्रक हेही यात येऊ शकतं. व्हर्लपूलच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असंच काहीसं मान्य केलं. त्या नावाची यंत्रं इथल्या दुकानांत मिळत नव्हती, तरी भारतात येणाऱ्या परदेशी मासिकांतल्या जाहिरातींमुळे नावाची ओळख इथे पोचली होती, आणि ती ओळख न्यायालयाने धरली.

यावरून क्राउडफंडिंगचं पेज म्हणजे वापर, असं म्हणायचा मोह होतो. मी ते म्हणणार नाही. व्हर्लपूलमागे जगभर विकलेली यंत्रं होती. आपल्या पेजमागे एक प्रोटोटाइप असतो. पेज हा पुरावा म्हणून जपून ठेवावा, पण सगळा हक्क त्या एका पेजवर उभा करू नये.

अमेरिकेचं उत्तर बरंच कडक आहे. तिथल्या लॅनहॅम कायद्यानुसार वस्तूच्या बाबतीत दोन गोष्टी लागतात. नाव वस्तूवर, वेष्टनावर किंवा विक्रीच्या जागी दिसलं पाहिजे, आणि ती वस्तू प्रत्यक्ष विकली किंवा पाठवली गेली पाहिजे. हा व्यवहार खरा, नेहमीच्या व्यापारातला असावा लागतो. नुसतं नाव अडवून ठेवायला केलेली नाटकी विक्री चालत नाही. सेवांच्या बाबतीतही तसंच. २०१५ च्या कूत्यूर विरुद्ध प्लेडॉम या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की वेबसाइटवर सेवा देऊ केली एवढ्याने भागत नाही, अर्ज करण्याआधी ती कुणाला तरी प्रत्यक्ष दिलेली असली पाहिजे. त्या नोंदणीमागे सेवा दिलीच गेली नव्हती, म्हणून ती नोंदणी रद्द झाली. हेच माप लावलं तर ज्या वस्तूचा एकही नग रवाना झालेला नाही, तिच्यासाठी घेतलेले आगाऊ पैसे म्हणजे वापर नव्हे.

मग तिथल्या नवउद्योजकाने करायचं काय? त्यासाठी नोव्हेंबर १९८९ पासून 'वापरण्याचा इरादा आहे' या पायावर अर्ज करायची सोय आहे. अर्जाच्या तारखेला तुमचा नंबर लागतो. तपासणी, जाहीर सूचना वगैरे पार पडल्यावर मंजुरीची सूचना येते आणि तिथून सहा महिन्यांत वापराचा पुरावा द्यावा लागतो. मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवत एकूण ३६ महिन्यांपर्यंत नेता येते. क्राउडफंडिंगवाल्यांना ही सोय अगदी मापात बसते, कारण वस्तू उशिरा येणार हे तिथे जवळपास गृहीतच असतं.

भारतात हीच सोय अर्जातल्या एका ओळीत आहे. 'टीएम-ए' या अर्जात नाव कधीपासून वापरात आहे ते लिहा किंवा 'वापरण्याचा विचार आहे' असं लिहा. नंतर वापराचं निवेदन देण्याची अट आपल्याकडे नाही. नोंदणी झाल्यावर सलग पाच वर्षं आणि त्यापुढे अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांपर्यंत प्रामाणिक वापरच झाला नाही, तर कलम ४७ खाली कुणीही बाधित माणूस नाव काढून टाकायची मागणी करू शकतो, इतकंच.

पुण्याचं बर्गर किंग

नोंदणी विरुद्ध वापर हे भांडण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गाजलं ते पुण्यात. अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीकडे या नावाची भारतातली नोंदणी १९७९ पासूनची होती. पण त्यांचं पहिलं दुकान भारतात उघडलं २०१४ साली. दरम्यान पुण्यात १९९२ पासून एक स्थानिक रेस्टॉरंट याच नावाने सुरू होतं. कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागात वाढलेल्या पुणेकरांना बर्गर किंग म्हटलं की तेच आठवायचं. २०११ मध्ये अमेरिकन कंपनीने दावा लावला. २०२४ साली पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुण्याचं रेस्टॉरंट कंपनीच्या भारतातल्या धंद्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव वापरतंय, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

गोष्ट तिथे संपली नाही. कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या रेस्टॉरंटला नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका बाजूला जगभर पसरलेली कंपनी आणि १९७९ ची नोंदणी, दुसऱ्या बाजूला बत्तीस वर्षांची बिलं. आणि तरी तीन न्यायालयांत तीन वेळा पारडं हललं. मला यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की 'आमच्याकडे नोंदणी आहे' किंवा 'आम्ही आधीपासून वापरतोय' यातलं एकच पान हातात असेल तर भांडण लांबतं. छोट्या माणसाला लांबलेलं भांडण परवडत नाही, मग शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागो वा न लागो.

आधी अर्ज की आधी माल?

मुंबई उच्च न्यायालयाचा 'मोनार्क' नावाबद्दलचा एक जुना निकाल आहे, कन्सॉलिडेटेड फूड्स विरुद्ध ब्रँडन. १९६५ च्या निकालसंग्रहात तो छापला गेला आणि आजही त्याचे दाखले दिले जातात. त्याचा सारांश असा की नाव आधी घेणं आणि वापरणं हे आधी नोंदवण्यापेक्षा वरचं आहे, आणि त्यासाठी धंदा फार मोठा असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलव्या'च्या प्रकरणात हीच दिशा पक्की केली.

त्याच वर्षीचं निऑन लॅबोरेटरीज प्रकरण क्राउडफंडिंगवाल्यांनी जरूर समजून घ्यावं. या कंपनीने एका भूल देण्याच्या औषधासाठी 'रोफॉल' नावाचा अर्ज १९९२ मध्ये केला. माल बाजारात आणला २००४ मध्ये. मधल्या काळात, १९९८ पासून, दुसरी कंपनी 'प्रोफॉल' नावाने तेच औषध विकत होती. अर्जाची तारीख पाहिली तर निऑन सहा वर्षं पुढे होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने निऑनचं अपील फेटाळलं आणि बाजारात आधी कोण आलं, याला वजन दिलं. निकाल अंतरिम टप्प्यावरचा होता, पण त्यातून मिळणारा इशारा सरळ आहे: अर्ज करून नाव बारा वर्षं फडताळात ठेवता येत नाही.

याचा अर्थ अर्ज उशिरा केला तरी चालतो, असा मात्र घेऊ नका. कलम ३४ आधीच्या वापरकर्त्याला संरक्षण देतं, पण त्याची अट नीट वाचायला हवी. नोंदणीधारकाचा पहिला वापर आणि त्याच्या नोंदणीची तारीख (जी अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात), या दोन्हींत जे आधी असेल, त्याच्याही आधीपासून तुमचा सलग वापर असला पाहिजे. समजा तुमचं पेज जानेवारीत सुरू झालं आणि ते पाहून फेब्रुवारीत कुणीतरी त्याच नावाचा अर्ज टाकला. तुमचा माल जाणार नोव्हेंबरमध्ये. आता तुम्ही जानेवारीचं पेज हाच वापर, असं सिद्ध करत बसा. अप्रामाणिक हेतू, पासिंग ऑफ असे इतर मुद्दे मांडता येतात, नाही असं नाही. पण ४५०० रुपयांत आणि एका संध्याकाळी जे झालं असतं, त्यासाठी वकिलाच्या पायऱ्या कशाला चढायच्या?

उलट बाजूने एक चांगली बातमी आहे. युनिप्लाय विरुद्ध युनिकॉर्न या प्लायवूडच्या नावावरच्या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की थोड्या प्रमाणातली प्रायोगिक विक्री, प्रामाणिक चाचणी-विक्री, प्रसिद्धीसाठी दिलेल्या वस्तू यांनीसुद्धा आधीचा वापर सिद्ध होऊ शकतो. त्याच वेळी, विक्री अगदीच नगण्य असेल तर काही न्यायालयांनी ती मोजलेली नाही, हेही तिथे नोंदवलं आहे. म्हणून मित्राला मी सांगितलं, पेज नंतर सोड. आधी थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्यांत वीस-पंचवीस यंत्रं बनव आणि खऱ्या बागायतदारांना खऱ्या किमतीला, बिल देऊन वीक. शिरोड्याला दे, आरोंद्याला दे. भाऊबंदांना फुकट वाटलेले नग या हिशोबात फार उपयोगाचे नाहीत. शिवाय यंत्र एप्रिलच्या उन्हात टिकतं का, तेही कळेल.

नाव जगात गाजलं तरी इथे कुणाचं?

ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. क्राउडफंडिंगचं पेज सगळ्या जगाला दिसतं. या दोन गोष्टींत जी फट आहे, ती टोयोटाच्या 'प्रियस'ने दाखवून दिली. ही गाडी जपानमध्ये १९९७ साली आली. दिल्लीच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने भारतात हेच नाव २००१ पासून वापरलं आणि नोंदवूनही घेतलं. टोयोटाने गाडी इथे आणली ती २००९-१० च्या सुमारास. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या विरोधात निकाल दिला: जगात नाव गाजलं असेल, पण २००१ साली ती कीर्ती भारतातल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचली होती याचा पुरेसा पुरावा नाही. इंटरनेटवरच्या बातम्या दाखवून भागलं नाही, कारण त्या काळी आपल्याकडे इंटरनेट होतं किती लोकांकडे?

खास क्राउडफंडिंगमधलं उदाहरण म्हणजे पेबल. २०१२ च्या वसंतात या स्मार्टवॉचने किकस्टार्टरवर सुमारे ६९ हजार लोकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमवली. सप्टेंबर २०१२ चा वायदा होता, घड्याळं रवाना व्हायला लागली जानेवारी २०१३ मध्ये. २०१६ च्या अखेरीस पेबलचं सॉफ्टवेअर आणि काही मालमत्ता फिटबिटने घेतली, पुढे फिटबिट गूगलकडे गेली. मूळ संस्थापक २०२५ मध्ये नवी घड्याळं घेऊन आले तेव्हा स्वतःच ठेवलेलं 'पेबल' हे नाव त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून नव्या घड्याळांना 'कोअर २ ड्युओ' आणि 'कोअर टाइम २' अशी नावं दिली. काही महिन्यांनी ट्रेडमार्क परत मिळाला आणि नावं बदलून 'पेबल २ ड्युओ', 'पेबल टाइम २' झाली. आणि भारतात? इथे 'पेबल' नावाने स्मार्टवॉच विकणारी एक वेगळीच भारतीय कंपनी आहे. नाव एक, वस्तूही तीच, देश बदलला की मालक बदलला.

नकलेचा वेग हा आणखी एक प्रश्न. २०१६ मध्ये 'फिजेट क्यूब' या बोटांशी खेळायच्या ठोकळ्याने किकस्टार्टरवर साठ लाखांहून जास्त डॉलर जमवले. मूळ वस्तू पाठीराख्यांच्या हातात पडण्याआधीच तिच्या नकला ऑनलाइन मिळायला लागल्या होत्या. वस्तूची नकल हा मुख्यतः पेटंट आणि डिझाइनचा विषय, ट्रेडमार्क तिथे अपुरा पडतो. पण नकल करणारा तुमचंच नाव लावून विकायला लागला, तर त्याचं पान उतरवायला हाताशी जे सगळ्यात लवकर चालतं, ते नावाचा अर्ज किंवा नोंदणी हेच.

न्यू जर्सीचा मामेभाऊ

किकस्टार्टरवर प्रकल्प मांडता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याकडे एक देशी युक्ती चालते: अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या नावाने पेज उघडायचं. माझ्या मित्राचा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे, म्हणून हा पर्याय त्याच्याही डोक्यात होता. घरचाच माणूस, विश्वासाचा प्रश्न नाही. पण ट्रेडमार्कला नातं कळत नाही, नाव कुणाच्या ताब्यात आहे एवढंच कळतं.

अमेरिकेत इराद्याचा अर्ज त्यानेच करायचा असतो ज्याचा नाव वापरायचा खरा इरादा आहे. भलत्याच माणसाच्या नावाने केलेला अर्ज मुळातच बाद ठरतो, नंतर नाव दुरुस्त करून चालत नाही. 'आधी भावाच्या नावावर करू, मग आपल्या कंपनीकडे वळवू' हेही सहज होत नाही. वापराचा पुरावा दाखल होण्याआधी असा अर्ज हस्तांतरित करायला तिथला कायदा मनाई करतो. अपवाद एकच, त्या नावामागचा चालू धंदाच पूर्ण विकत घेतला जात असेल तर. म्हणून अर्ज करायचा तो यंत्र बनवणाऱ्या संस्थेच्या नावाने, आणि पेज चालवणाऱ्या नातेवाइकाशी दोन पानांचा लेखी परवाना-करार करायचा. भारतातून तिथे अर्ज करताना २०१९ पासून तिथला परवानाधारक वकील घ्यावाच लागतो आणि २०२५ पासून मूळ फी प्रति वर्ग ३५० डॉलर आहे, हेही बजेटमध्ये धरा.

खर्च पुढे ढकलायची एक सरळ सोय आहे. भारत १९९८ पासून पॅरिस करारात आहे. आज इथे अर्ज केला, तर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज करून इथलीच तारीख मागता येते. क्राउडफंडिंग यशस्वी होतंय की नाही, ते कळायला सहा महिने पुरतात. २०१३ पासून आपण माद्रिद व्यवस्थेतही आहोत, पण दोन-चार देशांचा विचार नसेल तर त्यात आत्ता शिरायची गरज नाही.

रेडी, वेंगुर्ला आणि खळा

नाव निवडताना गावाचं नाव घ्यायची आपल्याला हौस असते. मित्राच्या पहिल्या यादीत 'रेडी ड्राय' होतं. यात गंमत अशी की नोंदणी कार्यालय नाव कानानेही तपासतं. इंग्रजीत ते 'तयार' या अर्थाच्या शब्दासारखंच ऐकू येतं, म्हणजे वर्णनात्मक म्हणून आक्षेप. गावाचं नाव म्हणून वाचलं तरी वस्तू कुठून आली हे सांगणारा शब्द म्हणून आक्षेप. दोन्हीकडून पंचाईत. 'वेंगुर्ला काजू' तर भौगोलिक मानांकन आहे, ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं. एकट्याने ट्रेडमार्क म्हणून ते घेता येत नाही. हापूस आणि कोकमाचंही तसंच.

'खळा' मला बरं वाटतं. यंत्र काय करतं हे ते थेट सांगत नाही, सुचवतं. नोंदणी कार्यालय सुचवणारा शब्द आणि वर्णन करणारा शब्द यांत फरक करतं. मालवणी जाणणारा तपासनीस आक्षेप घेईल का? घेऊ शकतो. म्हणून शब्दासोबत वेगळं चित्रचिन्हही अर्जात द्यावं, असं माझं मत आहे.

वर्ग ठरवताना लोक घाई करतात. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि फी प्रत्येक वर्गाची वेगळी. ओलावा मोजणारं यंत्र आणि त्याचं अ‍ॅप वर्ग ९ मध्ये येतं. उद्या वाळवणी-यंत्रच बनवलं तर वर्ग ११. 'खळा' नावाने प्रक्रिया केलेले काजूगर विकायचे ठरले तर वर्ग २९. आत्ता पैसे एकाच वर्गाचे असतील तर वर्ग ९ घ्या.

अर्ज आणि पुरावा

फी ऑनलाइन अर्जाला प्रति वर्ग ४५०० रुपये आहे, जर अर्जदार व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर. बाकीच्यांना ९०००. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण अर्ज ऑनलाइन होत असल्याने रेडीहून मुंबई गाठायची गरज नाही. त्याआधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या, आणि तो एकाच स्पेलिंगने घेऊ नका. खळा, खला, कळा, देवनागरी, रोमन, सगळं टाकून पाहा.

अर्जात आधीपासूनचा वापर सांगितला तर शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. इथे इंजिनीअर मंडळींची एक खास सवय आडवी येते. गिटवर पहिल्या कमिटमध्ये नाव होतं, डोमेन तीन वर्षांपूर्वी घेतलंय, म्हणून वापराची तारीख तीच टाकायची. ती वापराची तारीख नव्हे. कल्पना सुचल्याची किंवा फोल्डरला नाव दिल्याची तारीख बाजाराला दिसत नाही. पहिलं बिल, कुरिअरची पावती, तारीख दिसणारा वेष्टनाचा फोटो, पैसे आल्याची नोंद, छापील जाहिरात, हे पुरावे. यातलं काही नसेल तर 'वापरण्याचा विचार आहे' हेच लिहा. ते कमीपणाचं नाही. उलट फुगवलेली तारीख पुढे उलटतपासणीत उघडी पडली, तर तुमचे बाकीचे कागदही संशयात येतात. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं दंडनीय आहे.

नाव पक्कं होण्याआधी ते कुठे कोरायचं नाही, हे माझ्या धंद्यातलं ज्ञान. प्लास्टिकच्या साच्यात नाव कोरलं की बदलायला साचा पुन्हा कारखान्यात. अँड्रॉइड अ‍ॅपचं पॅकेज-नाव एकदा प्ले स्टोअरवर गेलं की बदलत नाही, नवीनच अ‍ॅप टाकावं लागतं. ब्लूटूथवर दिसणारं नाव फर्मवेअरमध्ये असतं, आणि विकलेल्या यंत्रांत ते बदलायचं तर अपडेट पोचवायची सोय आधीच केलेली हवी. डब्यावरचा क्यूआर कोड ज्या डोमेनकडे जातो, ते डोमेन नाव बदललं तरी वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. म्हणून अंतर्गत सगळीकडे निर्विकार सांकेतिक नाव ठेवा आणि बाजारातलं नाव फक्त स्टिकरवर, अ‍ॅपच्या शीर्षकात आणि वेबसाइटवर. बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येणारं उपकरण असेल तर ती नोंदणीही ब्रँडनिहाय असते, हे विसरू नका.

अर्ज तपासणीतून पार पडला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. विरोध आला नाही तर नोंदणी, दहा वर्षांसाठी, मग नूतनीकरण. जर्नल दर सोमवारी निघतं आणि कुणालाही वाचता येतं. आपल्यासारखं नाव दुसऱ्या कुणी टाकलंय का, हे कुणी तुम्हाला फोन करून सांगत नाही. चार महिन्यांची मुदत चुकली तर नंतर नोंदणी रद्द करायचा वेगळा आणि महाग मार्ग उरतो. आपल्या वर्गाची पानं दर सोमवारी चाळायला वेळ लागतो. मी मित्राला एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली आहे, जी जर्नलची नवी फाइल उतरवते, वर्ग ९ ची पानं वेगळी काढते आणि मिळत्याजुळत्या उच्चाराची नावं दाखवते. जर्नलमध्ये बरीच नावं चित्रस्वरूपात असतात आणि ती स्क्रिप्टला वाचता येत नाहीत, ती डोळ्यांनीच पाहावी लागतात.